खण मोजण्याआधी वारस मोजा
सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जुने घर घेणाऱ्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी

जळगाव, भुसावळ आणि धुळे या शहरांत धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांपुढे घराचा प्रश्न मोठा आहे. दोन खोल्या भाड्याच्या, त्यातच कुटुंब, त्यातच शिलाई यंत्र किंवा गादीचा कापूस, आणि दर वर्षी वाढणारे भाडे. शहरातील फ्लॅटचा भाव ऐकला की हातावर पोट असलेला माणूस गप्प बसतो. अशा वेळी पुष्कळांची नजर सातपुड्याच्या पायथ्याच्या जुन्या गावांकडे वळते. यावल, फैजपूर, सावदा, रावेर ही ती गावे. धुळ्याकडच्या लोकांना मुंबई-आग्रा मार्गावरचे सोनगीर जवळचे वाटते. या गावांत जुनी, जाड भिंतींची, सागवानी तुळयांची घरे कुलूप लावून पडलेली आहेत. मालक पुण्याला, मुंबईला किंवा सुरतेला गेले. शहरातल्या फ्लॅटच्या मानाने घर बरेच स्वस्त मिळते, खाली कामाला जागा मिळते आणि मागे परसही मिळते.

विचार चांगला आहे. परंतु घर स्वस्त का मिळते, हे आधी समजून घ्यावे. भिंती जुन्या म्हणून भाव उतरतो, हे अर्धेच खरे आहे. अशा घरात अनेकांचे हिस्से अडकलेले असतात आणि ते कोणी मोकळे केलेले नसतात, हे भाव उतरण्याचे मोठे कारण होय. जुने घर खणांवर मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. घेणारा खण मोजतो, विकणारा खण दाखवतो आणि दलालही खणच सांगतो. आमचे सांगणे एवढेच की, खण मोजण्याआधी वारस मोजावेत.

गावे जुनी, म्हणून कागद गुंतागुंतीचे

खानदेशात फारुकी घराण्याची सत्ता चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली आणि १६०१ मध्ये अकबर बादशहाने असीरगड घेतल्यावर ती संपली. पुढे मोगल, निजाम, पेशवे, शिंदे, होळकर आणि इंग्रज अशा अनेक हातांतून हा मुलूख गेला. यावलचा किल्ला निंबाळकरांच्या ताब्यात होता. यावलला एके काळी हातकागद आणि नीळ तयार होत असे. फैजपूर कापडावरील छपाई आणि निळ्या-लाल रंगकामासाठी प्रसिद्ध होते. रावेरला सोन्याची जर बनत असे. म्हणजे ही गावे मूळचीच कारागिरांची. म्हणूनच पुष्कळ जुन्या घरांत रस्त्याच्या बाजूला ओटा व कामाची जागा आणि आत राहण्याची जागा अशी रचना आढळते. फैजपूरचे नाव देशभर झाले ते १९३६ च्या डिसेंबरात. त्या वेळी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते.

कागदपत्रांच्या दृष्टीने मात्र सावद्याची एक घटना ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्रजांनी जमीन मोजणी सुरू केली तेव्हा १८५२ मध्ये सावद्यास हजारो लोक विरोधासाठी जमले आणि त्यांना पांगवण्यासाठी लष्कर आणावे लागले. त्या मोजणीतून शेतजमिनीला सर्व्हे नंबर मिळाले. गावठाणातील घरे मात्र एकेक करून मोजली गेली नाहीत, गावठाण एकच तुकडा म्हणून सोडले गेले. शेताला सातबारा आहे आणि गावातल्या जुन्या घराला सातबारा नाही, याचे मूळ तेथे आहे. मोठ्या गावांत पुढे नगर भूमापन झाले, त्या भागातील घरांना नगर भूमापन क्रमांक आणि मिळकत पत्रिका मिळाली. जेथे ते झाले नाही तेथे घरपट्टीचा उतारा एवढाच कागद उरतो.

कोणता कागद काय सांगतो

पहिला कागद मिळकत पत्रिका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ती मिळते आणि आता सरकारी संकेतस्थळावरूनही डिजिटल सहीची प्रत काढता येते. तीवर क्षेत्र, धारकाचे नाव आणि वेळोवेळी झालेले फेरफार असतात. पत्रिकेवरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक असेल तर सरकारी मोजणी करून घ्यावी. शेजाऱ्याची भिंत दोन हात आत आली असेल तर ते खरेदीआधी कळावे.

दुसरा कागद नगरपरिषदेच्या कर आकारणीचा उतारा. सोनगीरसारख्या ग्रामपंचायतीच्या गावात त्याऐवजी नमुना ८ चा उतारा असतो. बरेच बांधव हाच मालकीचा कागद समजतात. तसे नाही. घरपट्टी कोण भरतो एवढेच तो सांगतो. फेरफार नोंदीने किंवा कर भरल्याने मालकी मिळत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ग्रामपंचायतींच्या गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्ये सुरू केली. ज्या गावात ही मोजणी झाली असेल तेथे ती पत्रिका अवश्य मागावी. पण पत्रिकेवर एकट्या थोरल्या भावाचे नाव लागले म्हणून इतरांचा हक्क गेला, असे होत नाही.

तिसरा कागद मूळ खरेदीखत आणि त्यामागची साखळी. आजच्या मालकाला घर कोणाकडून आले, त्याला कोणाकडून आले, हे निदान तीस वर्षे मागे जाऊन पाहावे. दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोनवरून हा शोध घेता येतो. फैजपूर यावल तालुक्यात येते आणि सावदा रावेर तालुक्यात, त्यामुळे शोध कोणत्या कार्यालयात घ्यायचा ते आधी विचारून घ्यावे. अलीकडच्या नोंदी संकेतस्थळावर दिसतात, जुन्यांसाठी कार्यालयात जावे लागते. हे काम वकिलाकडून लेखी अहवाल घेऊन करावे. बोजा, गहाण, कर्ज किंवा दिवाणी दावा असेल तर तो याच टप्प्यावर कळतो. दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली राहते.

एका हिशेबाने समजून घेऊ

समजा, जळगावचा एक गादी कारागीर फैजपुरातील एका मुस्लिम कुटुंबाचे जुने घर १२ लाखांना ठरवतो. घर वडिलांच्या नावावर आहे, वडील वारले आहेत. मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. मुली सासरी आहेत, एक मालेगावला आणि एक बऱ्हाणपूरला. दोन्ही भाऊ म्हणतात, "बहिणींना काही नको, आम्ही दोघे सही करतो."

वारसाचा हिशेब असा. मयताचे कर्ज आणि एक तृतीयांशाच्या मर्यादेतील वसियत वजा केल्यावर, मुले असताना पत्नीला आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाला दोन भाग, मुलीला एक भाग. एकूण ४८ भाग केले तर आईचे ६, प्रत्येक मुलाचे १४ आणि प्रत्येक मुलीचे ७. बारा लाखांत एक भाग २५ हजारांचा होतो. म्हणजे आईचे दीड लाख, प्रत्येक मुलाचे साडेतीन लाख आणि प्रत्येक मुलीचे पावणेदोन लाख.

आता दोघा भावांनीच सही केली तर कारागिराला मिळाले ४८ पैकी २८ भाग. त्याने मोजले १२ लाख, हाती आली ७ लाखांची मालकी. उरलेले ५ लाखांचे भाग आई आणि बहिणींचेच राहिले. भाऊ स्वतःचा हिस्सा विकू शकतो, बहिणीचा नाही. अशा खरेदीने कारागीर त्या घरात बहिणींचा भागीदार होतो. उद्या बहिणीने किंवा तिच्या मुलांनी वाटपाचा दावा केला तर भिंती कोणाच्या, ओटा कोणाचा, असा वाद कोर्टात उभा राहतो. "इतकी वर्षे कोणी बोलले नाही" हे उत्तर तेथे चालत नाही. एका वारसाचा ताबा हा सर्वांच्या वतीने ताबा मानला जातो, नुसता काळ लोटल्याने बहिणीचा हक्क बुडत नाही.

यात एक बहीण वडिलांच्या नंतर वारली असेल तर तिच्या ७ भागांचे पुन्हा वाटे पडतात. नवरा, मुले आणि हयात असलेली आई हे सगळे त्यांत येतात. मयताला मुलगा नसेल आणि फक्त मुलीच असतील तर हनफी नियमांनुसार मयताचे भाऊही वारसांत येऊ शकतात. शिया आणि बोहरा कुटुंबांत काही नियम वेगळे आहेत. म्हणून प्रत्येक मृत्यू तारखेसह लिहून वंशवेल कागदावर मांडावी आणि जाणकाराकडून हिस्से काढून घ्यावेत. विकणाऱ्याने स्वतःच केलेले वारसाचे प्रतिज्ञापत्र पुरेसे समजू नये. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयातून १८२७ च्या रेग्युलेशनखाली वारस दाखला मिळतो. वेळ लागतो, पण त्यात जाहीर नोटीस निघते आणि लपलेला वारस पुढे येतो.

बहिणीला खरोखरच काही नको असेल तर तिने तसे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे किंवा खरेदीखतावर स्वतः सही करावी. सर्वांत चांगले म्हणजे खरेदीखतातच प्रत्येक वारसाची रक्कम वेगळी लिहावी आणि ती तिच्या स्वतःच्या बँक खात्यात भरावी. "बहिणींना काही नको" हे वाक्य भावाच्या तोंडचे असते, बहिणीचे असतेच असे नाही. आपल्याला घर स्वस्त पडले ते एखाद्या बहिणीच्या पावणेदोन लाखांमुळे, असे होऊ देऊ नये. कायद्याचा धोका तर त्यात आहेच, पण वारसाचे हिस्से कुरआनने ठरवून दिलेले आहेत आणि विकत घेणारा त्या जबाबदारीतून सुटत नाही.

विकणारे कुटुंब हिंदू असेल, आणि या गावांत पुष्कळ घरे तशीच आहेत, तर तेथेही मुलींचा प्रश्न येतोच. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील त्या तारखेस हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. म्हणून वाडा कोणाचाही असो, लेकींच्या सह्या मागाव्यात.

अज्ञान मुले, तोंडी हिबा आणि मेहर

वारसांत अज्ञान मूल असेल तर विशेष काळजी घ्यावी. आपल्याकडे आई मुलांच्या वतीने सही करते आणि सगळे ते योग्य समजतात. मुस्लिम कायद्याप्रमाणे अज्ञानाच्या मिळकतीचे नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यामागे आजोबा, किंवा त्यांनी मृत्युपत्राने नेमलेली व्यक्ती. आई, काका किंवा मोठा भाऊ हे नाहीत. त्यांनी न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकलेला अज्ञानाचा हिस्सा खरेदीदाराला मिळत नाही. प्रिव्ही कौन्सिलने १९१८ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हे सांगितले आहे. अशा वेळी जिल्हा न्यायालयातून पालक नेमून विक्रीची परवानगी घ्यावी, किंवा ते घर सोडून द्यावे.

"आजोबांनी हे घर मला तोंडी हिबा केले," असेही ऐकायला मिळते. तोंडी हिबा कायद्याने ग्राह्य आहे, पण तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. देणाऱ्याने दिल्याचे जाहीर केले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा दिला. साक्षीदार वारले, ताबा कधी दिला याचा पुरावा नाही, अशा हिब्यावर आपल्या आयुष्याची कमाई लावू नये. इतर वारसांची मान्यता लेखी व नोंदवून घ्यावी.

घरात विधवा राहत असेल तर तिचा मेहर अदा झाला आहे का हे विचारावे. मेहर बाकी असताना तिचा ताबा असेल तर ती रक्कम मिळेपर्यंत ताबा ठेवण्याचा तिला हक्क आहे. तिची सही घेताना मेहराचा उल्लेख खतात करावा. तसेच घरात जुना भाडेकरू असेल तर तो मालक बदलल्याने आपोआप बाहेर जात नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मशिदीलगतचे घर आणि तडवी बांधवाची जमीन

मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या लगतची घरे पुष्कळांना हवी असतात. नेमकी तीच वक्फच्या जागेवर असण्याचा संभव अधिक. तेथे राहणारा भाडे भरत आलेला असतो आणि जाताना ताब्याचे पैसे घेऊन जातो. खरेदीदाराला वाटते आपण मालक झालो, मिळतो तो केवळ ताबा. १९९५ च्या वक्फ कायद्यात २०२५ मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या, पण मुतवल्लीने किंवा भाडेकरूने वक्फची जागा परस्पर विकावी अशी मुभा कोठेही नाही. शंका असेल तर वक्फ मंडळाच्या नोंदीत ती मिळकत आहे का हे पाहावे.

गावाबाहेर डोंगराच्या बाजूला नवे प्लॉट पाडलेले दिसतात. तेथे दुसरा प्रश्न आहे. यावल, रावेर आणि चोपडा तालुक्यांच्या पायथ्याशी आपले तडवी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ते आपल्याबरोबर एकाच सफेत नमाजला उभे राहतात, पण तडवी भिल्ल ही अनुसूचित जमात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६ अ प्रमाणे ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. धर्म एक असल्याने हे बंधन सुटत नाही. शेताचे तुकडे पाडून त्यांना प्लॉट म्हटल्यानेही सुटत नाही. विनापरवानगी घेतलेली जमीन परत जाते आणि त्यावर बांधलेल्या घराचा पैसाही अडकतो. सावकार आणि व्यापाऱ्यांच्या हातून आदिवासींच्या जमिनी गेल्या म्हणून हा कायदा करावा लागला. त्या व्यापाऱ्यांत आपली भर पडू नये.

प्लॉट बिनशेती आहे का, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा आहे का, हेही पाहावे. वर्ग दोनची जमीन परवानगीवाचून विकता येत नाही. ज्याच्याकडे शेती नाही अशा व्यापाऱ्याला शेतजमीन तशीच घेता येत नाही, हे तर बहुतेकांना ठाऊक असतेच. बिनशेती आणि तुकडेबंदीचे नियम अलीकडे वरचेवर बदलत आहेत, म्हणून तहसील कार्यालयात चालू नियम विचारून मगच पाऊल उचलावे.

घर पाहावे ते आषाढात

कागद ठीक निघाले की घराकडे वळावे. जुन्या धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत उन्हाळ्यात मोठा आधार असते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा सिमेंटच्या खोलीपेक्षा हे घर बरेच थंड राहते. पण धाब्यावर वेळोवेळी खारी माती टाकावी लागते. वर्षानुवर्षे बंद घरात ती टाकलेली नसते आणि पाणी तुळईच्या टोकाला, भिंतीत मुरते. तुळईचे टोक सळईने टोचून पाहावे, सळई आत गेली तर तुळई गेली. वाळवीच्या रेघा, भिंतीला आलेले पोट, खालच्या विटांना लागलेला लोणा या गोष्टी दिवसाच्या उजेडात पाहाव्यात. शक्य असल्यास पावसाळ्यात एकदा जावे. दुरुस्तीचा अंदाज ओळखीच्या सुतार-गवंड्याकडून लेखी घ्यावा आणि तो घराच्या किमतीत धरूनच भाव ठरवावा.

शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर तसे खतात लिहावे. पन्हाळीचे पाणी कोणाच्या अंगणात पडते, मोरीचे पाणी कोठून जाते, परसात जायची वाट कोणाची, हे शेजाऱ्यांनाच विचारावे. वीस वर्षांची अखंड वहिवाट असेल तर तो हक्क होतो, आपल्या बाजूने असो वा विरुद्ध असो.

पाण्याची चौकशी वेगळी करावी. सातपुड्यातून येणारी सुकी, मोर यांसारखी नदी डोंगरात पाऊस झाला की थोड्या वेळात फुगते. नाल्याकाठचे घर पूररेषेत आहे का ते नगरपरिषदेत विचारावे. उलट उन्हाळ्यात टंचाई. केळीसाठी उपसा इतका वाढला की यावल आणि रावेर तालुक्यांत जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा अधिक झाल्याचे भूजल पाहणीत नोंदले गेले. परसातली विहीर दाखवून कोणी भाव वाढवत असेल तर तिला मे महिन्यात पाणी असते का हे शेजारणीला विचारावे. नळाला किती दिवसांनी पाणी येते हेही तीच खरे सांगेल.

कारागिराने आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. गल्लीत टेम्पो येतो का, कामासाठी लागणारी वीजजोडणी महावितरणकडून मिळेल का, आणि यंत्राच्या आवाजाला शेजाऱ्यांची हरकत आहे का. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गालगतचे घर असेल तर रस्ता रुंदीकरणात किती भाग जाऊ शकतो याचीही चौकशी करावी.

पैसा कसा आणि कोणता द्यावा

इसार देताना साध्या कागदावर किंवा नोटरीसमोर लिहून घेण्याची सवय सोडावी. साठेखत नोंदवून घ्यावे. त्यात सर्व वारसांची नावे, प्रत्येकाची रक्कम, मुदत आणि कागद न निघाल्यास इसार परत मिळण्याची अट असावी. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने १ जून २०१५ पासून मनाई आहे, घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आपल्याही फायद्याचे तेच आहे, कारण रोखीने दिलेल्या पैशाचा वादाच्या वेळी पुरावा राहत नाही. मुखत्यारपत्रावर किंवा केवळ साठेखतावर घर घेऊन थांबू नये. अशा कागदांनी मालकी येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०११ चा निर्णय आहे. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती विचारून घ्यावी.

दुसरी गोष्ट, धंद्याचे खेळते भांडवल घरात घालू नये. वर्षानुवर्षांची बचत वेगळी आणि कापूस, कापड, पत्रा घेण्याचा पैसा वेगळा. हिशेब करताना घराची किंमत, मुद्रांक, नोंदणी, वकील, दुरुस्ती आणि रोजचा प्रवास हे सर्व एकत्र धरावे. समजा शहरातील दुकानाला जाण्यायेण्यास रोज शंभर रुपये लागले, तर महिन्याला पंचवीस दिवसांचे अडीच हजार आणि वर्षाचे तीस हजार झाले. वाचलेल्या भाड्यातून हे वजा करून पाहावे. गावठाणातील जुन्या घरावर बँका सहसा कर्ज देण्यास उत्सुक नसतात, आणि पुष्कळ बांधवांना व्याजही नको असते. अशांनी विकणाऱ्यांशी हप्ते ठरवावेत, मात्र ते हप्ते नोंदणीकृत साठेखतात तारखांसह लिहून.

थोडक्यात क्रम असा ठेवावा. आधी वंशवेल आणि वारस. मग मिळकत पत्रिका किंवा नमुना ८, तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. त्यानंतर मोजणी, घराची तपासणी, शेजाऱ्यांची भेट. मग नोंदणीकृत साठेखत आणि बँकेतून इसार. शेवटी सर्वांच्या सह्यांचे खरेदीखत, रिकाम्या घराचा ताबा, आणि लगेच मिळकत पत्रिकेवर व घरपट्टीला आपले नाव. यातील एखादी पायरी विकणाऱ्याला घाईमुळे नको असेल, तर ती घाई कशामुळे आहे हे त्यालाच विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर ते घर सोडून द्यावे. पायथ्याच्या गावांत कुलूपबंद घरे अजून पुष्कळ आहेत.